मागे राहिलेल्यांचं मत

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेतलं. त्या मतदारयादीतली एक गोष्ट अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथे रीतसर राहत होते, त्यांना मताचा अधिकार होता. पुण्याहून वर्षभराच्या एम.एस्सी.साठी लीड्सला गेलेली मुलगी नाव नोंदवून मत देऊ शकत होती. स्विंडनमध्ये वर्षानुवर्षं गोदामात रात्रपाळी करणाऱ्या, मुलांना तिथल्याच शाळेत घातलेल्या गोंयकाराला मात्र मत नव्हतं, कारण तो पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ही माणसं भारतीय पासपोर्ट परत करून युरोपीय झाली आणि हजारोंच्या संख्येने इंग्लंडला गेली. ज्या पासपोर्टने त्यांना तिथे राहायचा आणि राबायचा हक्क दिला, त्यानेच त्यांना त्या दिवशी मतदानकेंद्राबाहेर ठेवलं. स्विंडनमधली ५४ टक्क्यांहून अधिक मतं बाहेर पडण्याच्या बाजूने गेली.

देशभराचा निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा लागला. बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख मतं, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. मतदार कुठल्या रेषेवर दुभंगले, याचा शोध घेणाऱ्यांना उत्पन्न, वर्ग, पक्ष यांच्याहूनही ठळक रेषा सापडली ती शिक्षणाची. यूगव्हच्या पाहणीनुसार पदवीधरांपैकी ६८ टक्क्यांनी संघात राहण्यासाठी मत दिलं. ज्यांचं शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत किंवा त्याहून कमी, त्यांच्यातल्या ७० टक्क्यांनी बाहेर पडण्यासाठी. केंब्रिजमध्ये ७४ टक्के लोक राहण्याच्या बाजूचे होते, तर लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये ७५ टक्क्यांहून अधिक लोक बाहेर पडण्याच्या.

या आकड्यांचा सोपा अर्थ लगेच लावला गेला: शिकलेल्यांना कळलं, न शिकलेल्यांना फसवलं गेलं. लंडनमध्ये हे बोललं गेलं आणि आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही. मला हा अर्थ चुकीचा वाटतो, आणि त्याहून जास्त म्हणजे तो अन्यायाचा वाटतो. १९६३ साली उच्च शिक्षणाविषयीच्या रॉबिन्स समितीने अहवाल दिला त्या सुमारास ब्रिटनमधले जेमतेम चार टक्के तरुण विद्यापीठात जात. त्या पिढीतला सुतार किंवा गिरणीतली बाई पदवीधर नाही, म्हणून तिला विचार करता येत नाही असं म्हणायचं? पुढे १९९९ मध्ये टोनी ब्लेअर यांनी निम्म्या तरुणांना उच्च शिक्षणापर्यंत नेण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. उद्दिष्ट चांगलंच होतं. पण उरलेल्या निम्म्यांचं काय, याचं उत्तर तितक्या तळमळीने कुणी शोधलं नाही. आयटीआयच्या तोडीचं शिक्षण देणारी तिथली महाविद्यालयं निधीअभावी खंगत गेली, आणि साध्या कारकुनी नोकरीलाही पदवी मागायची पद्धत पडली.

एब्बू व्हेल हे दक्षिण वेल्समधलं डोंगरांच्या कुशीतलं पोलादाचं गाव. राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे अन्युरिन बेव्हन इथले खासदार. पोलादाचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. त्याच जागेवर युरोपीय निधीच्या मदतीने देखणं, आधुनिक महाविद्यालय उभं राहिलं. परदेशात जन्मलेली माणसं इथे शंभरात दोन-तीनच. तरीही हे गाव ज्या जिल्ह्यात येतं त्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये ६२ टक्के लोकांनी बाहेर पडण्यासाठी मत दिलं. वेल्समधलं हे सर्वांत मोठं प्रमाण. युरोपने दिलेल्या कॉलेजच्या दारात उभं राहून माणसं युरोपविरुद्ध मत देतात, याचं पत्रकारांना तेव्हा मोठं नवल वाटलं. मला वाटत नाही. महाविद्यालय आलं, पण त्यातून बाहेर पडणाऱ्याला गावात काम कुठे होतं? ज्याला शिकायला जमलं तो कार्डिफला गेला, तिथून ब्रिस्टलला, लंडनला. परतला नाही. शिक्षण ज्या घरात पोचलं, त्या घरातून मुलगा घेऊन गेलं. पदवी म्हणजे या खोऱ्यांत बाहेर पडायचं तिकीट झालं होतं, आणि सार्वमतात जी फूट दिसली ती बरीचशी हे तिकीट हाती असलेल्यांची आणि नसलेल्यांची होती.

बॉस्टनची गोष्ट वेगळी वाटते, पण ती याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. १ मे २००४ रोजी पोलंड, लिथुआनिया, लॅटव्हिया अशा पूर्व युरोपातल्या आठ देशांसह दहा देश संघात आले. कामगारांना पहिल्याच दिवशी दारं उघडी करणारे देश तीनच: ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. जर्मनीने २०११ पर्यंत थांबायचं ठरवलं. वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील, हा ब्रिटनमधला सरकारी अंदाज जर्मनीही दारं उघडेल असं गृहीत धरून केलेला होता. प्रत्यक्षात काही वर्षांत लाखो लोक आले. २०११च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश निघाली. बॉस्टनच्या आसपास कोबी-फ्लॉवरची अफाट शेतं आहेत. तिथे तोडणीला आणि पॅकिंगच्या शेडमध्ये मुकादमांमार्फत माणसं आली आणि एकेका घरात दाटीवाटीने राहू लागली. भाडी चढली, दवाखान्यातल्या रांगा लांबल्या.

यात दोष आलेल्यांचा नव्हता. ते कर भरत होते. पण कर जातो लंडनच्या तिजोरीत आणि वर्ग भरतो बॉस्टनच्या शाळेत. स्थलांतराचा ताण पडणाऱ्या भागांसाठी २००९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने एक खास निधी सुरू केला होता. तो २०१० मध्ये नव्या सरकारने बंद केला, आणि त्याच वर्षी स्थानिक संस्थांच्या अनुदानांना कात्री लागायला सुरुवात झाली. या एका निर्णयाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. तो निधी लहान होता, पण दुखणं नेमकं कुठे आहे हे त्याला कळलेलं होतं.

याचा अर्थ बाहेर पडण्याच्या प्रचाराला क्षमा करावी असा नाही. निर्वासितांच्या रांगेचा फोटो छापून देश मोडीत निघाल्याची हाकाटी करणारं भित्तिपत्रक १६ जूनला झळकलं. त्याच दिवशी जो कॉक्स या खासदाराचा एका अतिउजव्या माणसाने भर रस्त्यात खून केला. निकालानंतर द्वेषाच्या गुन्ह्यांच्या नोंदी एकदम वाढल्या. दक्षिण आशियाई रेस्टॉरंट मालकांना सांगितलं गेलं, की युरोपीयांची ये-जा थांबली की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा सहज मिळतील. एका स्थलांतरिताला दुसऱ्याविरुद्ध उभं करणाऱ्या या प्रचाराचा मला मनापासून संताप येतो.

आणि पुढे झालं काय? १ जानेवारी २०२१ पासून युरोपीयांची मुक्त ये-जा संपली, गुणांवर आधारित व्हिसा आले. स्विंडनच्या गोंयकारांसह युरोपीय नागरिकत्वावर राहणाऱ्यांनी आपला हक्क टिकवण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज केले. त्या मुदतीत एकूण ६० लाख अर्ज आले. त्याच उन्हाळ्यात स्विंडनचा होंडाचा कारखाना बंद झाला. निव्वळ स्थलांतर सार्वमताच्या आदल्या वर्षी सव्वातीन लाखांच्या आसपास होतं, ते जून २०२३ ला संपलेल्या वर्षात नऊ लाखांवर गेलं. आता माणसं पोलंडऐवजी भारत, नायजेरियातून येत होती: वृद्धांची शुश्रूषा करायला, रुग्णालयांत, आणि विद्यापीठांत. २०२२-२३ मध्ये नव्याने दाखल झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताने चीनला मागे टाकलं. नाशिक-सांगलीकडची घरं गहाण टाकून काढलेली शैक्षणिक कर्जंही त्यात आहेत.

या मुलांच्या पैशाशिवाय तिथली विद्यापीठं चालत नाहीत. स्थानिक विद्यार्थ्यांचं शुल्क इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये ९,००० पौंड झालं आणि पुढची बारा वर्षं जवळपास तिथेच गोठलं; तूट भरून निघते ती परदेशी विद्यार्थ्यांच्या कितीतरी अधिक शुल्कातून. जानेवारी २०२४ पासून संशोधन अभ्यासक्रम वगळता बाकीच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणायला बंदी झाली, आणि परदेशी अर्ज घटले. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने ४०० पदं कमी करण्याचा आणि परिचर्येचा विभागही बंद करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. परिचर्या पुढे वाचली. एब्बू व्हेलहून रेल्वेने कार्डिफला जाता येतं; बेव्हनच्या गावातल्या मुलीला नर्स व्हायचं असेल तर तिची जागा सांगलीच्या मुलाने भरलेल्या शुल्कावर काही अंशी तरी उभी आहे, आणि तिच्या वडिलांना अशा मुलांची संख्या कमी व्हायला हवी आहे. या दोघांना एकमेकांविषयी हे कुणीच सांगितलेलं नाही.

२०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या परदेशी विद्यार्थ्यांमागे विद्यापीठांकडून आकार घेऊन त्यातून गरीब घरांतल्या स्थानिक विद्यार्थ्यांना अनुदान देण्याचा मार्ग धरला. येणाऱ्याचा पैसा आणि मागे राहिलेल्याची संधी यांची सांगड उघडपणे घालणारं, २००९ च्या त्या निधीनंतरचं हे मला दिसलेलं पहिलं धोरण. पण अनुदान मिळालेली बॉस्टनची मुलगीही शिकायला बॉस्टन सोडूनच जाणार, कारण तिथे विद्यापीठ नाही. ती परत यावी असं काम त्या शेतांच्या आणि शेडच्या गावात निर्माण करायला यातला किती पैसा जाईल, याचा आराखडा अजून कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.