जुन्नरचे कलम

मे १६३६ मध्ये शहाजहान आणि विजापूरचा मुहंमद आदिलशहा यांच्यात तह झाला. त्यात २० लाख रुपयांची पेशकश होती, बुडालेल्या निजामशाहीच्या मुलखाची वाटणी होती, आणि एक कलम आपल्या जुन्नरचे होते. शहाजीराजे भोसले जुन्नर, त्र्यंबक आणि आणखी काही किल्ले मोगलांच्या हवाली करत नाहीत तोवर विजापूरने त्यांना चाकरीत घ्यायचे नाही. हट्टाला पेटले तर मुलखात थाराही द्यायचा नाही. शहाजहानने तहनाम्यावर स्वतःच्या पंजाचा ठसा उमटवला. ज्यांच्या ताब्यातले जुन्नर द्यायचे ठरले, त्यांना मात्र या बोलण्यांत जागा नव्हती.

युक्रेनला शस्त्रे देत राहावीत की त्याला बोलणीला बसवावे, हा वाद २०२२ पासून कानावर येतो आणि दर वेळी मला हे कलम आठवते.

विजापूर तोवर काय करत होते? मदत. १६३३ साली दौलताबाद पडले, निजामशहा कैद झाला. शहाजीराजांनी जीवधनावर अडकवून ठेवलेला निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा सोडवला, त्याला संगमनेरजवळच्या पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. पाठीशी विजापूरचा वजीर खवासखान आणि सरदार मुरार जगदेव होते. (हा तोच मुरार जगदेव, ज्याने त्याआधी पुणे बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याचे सांगतात. मदतीला येणाऱ्याचे हात पूर्वी स्वच्छ होतेच असे नाही.) ही मदत दानधर्म नव्हती. निजामशाही गेली की पुढचा घाव आपल्यावर, हे विजापूरला कळत होते. १६३४ मध्ये मोगलांना परांड्याचा वेढा उठवून मागे फिरावे लागले, तेव्हा हा हिशोब बरोबरही ठरला होता.

मग १६३५ मध्ये विजापुरातल्या भाऊबंदकीत खवासखान आणि मुरार जगदेव दोघेही मारले गेले. दरबाराची हवा फिरली. पुढच्याच वर्षी शहाजहान स्वतः दख्खनेत उतरला आणि त्याच्या फौजा विजापूरचा मुलूख जाळत सुटल्या. १६३० ते १६३२ च्या दुष्काळातून रयत अजून सावरली नव्हती. अशा वेळी आदिलशहाने तलवार म्यान केली, याबद्दल मी त्याला भित्रा म्हणणार नाही. दुसऱ्यासाठी आपले घर किती जाळून घ्यायचे याला मर्यादा असते, आणि ती ठरवण्याचा हक्क मदत करणाऱ्याला आहे. वॉशिंग्टनला आहे, बर्लिनलाही आहे.

माझा आक्षेप पुढच्या पावलावर आहे. आदिलशहा थांबला नाही, त्याने बाजू बदलली. त्याचाच सरदार रणदुल्लाखान मोगलांच्या खानजमानबरोबर शहाजीराजांच्या मागे लागला. कालपर्यंत रसद देणारा आज वेढ्यात सामील झाला, आणि या सगळ्याला नाव मिळाले सुलह.

गावात हे नवीन नाही. शेजारी दर नांगरटीला बांध कोरतो, चार वर्षांत दोन हात जमीन गिळतो. पंच बसतात आणि समजूत काढतात ती मात्र ज्याची जमीन गेली त्याची: जाऊ दे रे, दोन हातांनी काय होतंय, मिटवून टाक. कोरणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण तो ऐकणार नाही हे पंचांना ठाऊक असते. १९३८ साली म्युनिकमध्ये हेच झाले. चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग देऊन टाकण्याचा करार चार देशांनी केला आणि चेक प्रतिनिधींना बैठकीबाहेर ठेवले. सहा महिने उलटायच्या आत हिटलर प्रागमध्ये होता.

यावर खरा सवाल वेगळाच निघतो आणि तो टाळता येत नाही. शहाजीराजांनी तरी जुन्नरच्या रयतेला विचारले होते का? गादीवर एक अजाण पोर, फौजा येणार-जाणार, उभे पीक तुडवले जाणार. कुकडीकाठच्या कुणब्याला मोगल काय, निजाम काय! लढाई थांबली तर निदान पेरणी तरी होईल, असे त्याला वाटले असेल तर ते चूक म्हणता येत नाही. शस्त्रे देत राहा म्हणणाऱ्यांनी खंदकात मरणारी पोरे आपली नाहीत, हे विसरू नये.

पण जुन्नरला आलेली शांतता कशी होती तेही पाहायला हवे. मोगली अंमलात जमिनीची मोजणी आणि नवा सारा आला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळ्यांना तो जाचला, ते बंड करून उठले आणि मोगलांनी ते बंड निर्दयपणे चिरडले. शिवनेरीच्या माथ्यावरचा कोळी चौथरा त्या कत्तलीची जागा म्हणून ओळखला जातो. शिवजन्मस्थान पाहून बहुतेक माणसे कडेलोटाकडे वळतात, चौथऱ्यापाशी थोडेच थांबतात. तहाच्या कलमात मोजणीचा उल्लेख नव्हता, कोळ्यांचा तर नाहीच. तहाने लढाई संपते. त्या मुलखावर उद्या कुणाचा हुकूम चालणार आणि त्याला आवर कोण घालणार, हे लिहून घेतले नसेल तर मरणे नुसती पुढे ढकलली जातात. म्हणून मदत चालू ठेवावी या बाजूला माझे झुकते माप आहे, निदान आक्रमण झालेला देश स्वतः पुरे म्हणेपर्यंत. बोलणी आजच सुरू करा, हरकत नाही. फक्त त्याच्या किल्ल्यांची यादी दुसऱ्याने करू नये.

विजापूरला त्या तहाने पन्नास वर्षे मिळाली. त्या काळात आदिलशाही कर्नाटकात दूरवर पसरली, गोलघुमट उभा राहिला. तोटा झाला असे कोण म्हणेल? पण सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले, तेव्हा मध्ये आड यायला निजामशाही नव्हती.

आणि शहाजीराजे? ऑक्टोबर १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात त्यांनीही शेवटी हत्यार ठेवले. त्या मुलाला मोगलांच्या स्वाधीन केले, त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. जुन्नर, जीवधन, चावंड, हडसर, हरिश्चंद्रगड गेले. त्या पोराचे काय होणार हे राजांना कळत नसेल असे मला वाटत नाही. तरीही या शरणागतीला मी आदिलशहाच्या तहाच्या पंक्तीला बसवणार नाही. सहा वर्षांचे शिवाजीराजे, जिजाबाई, उरलेली माणसे, पुणे-सुप्याची जहागीर, असा सगळा हिशोब मांडून तो निर्णय ज्याचे जात होते त्यानेच घेतला होता.