सामायिक ग्रंथालय आणि आपला वाटा

साठच्या दशकात रेशनच्या दुकानात आलेला अमेरिकेचा गहू आपल्या वडीलधाऱ्यांच्या अजून लक्षात आहे. त्याच गव्हाच्या पैशांतून मराठी पुस्तकं अमेरिकेला गेली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. पी. एल. ४८० हा १९५४चा अमेरिकी कायदा. त्याखाली भारताला धान्य मिळालं आणि किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती झाली. ते रुपये इथेच साठत गेले. १९५८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्यातला काही भाग पुस्तकखरेदीला वापरायची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली आणि १९६२ साली तिचं दिल्लीतलं कार्यालय सुरू झालं. भारतीय भाषांतली नवी पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल अमेरिकी विद्यापीठांकडे पेट्या भरभरून रवाना होऊ लागले.

हा व्यवहार ज्ञानाच्या निखळ प्रेमातून झाला, असं कुणी म्हणणार नाही. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी परकीय भाषा व प्रदेशांच्या अभ्यासासाठी सरकारी तिजोरी उघडली. एरिया स्टडीज म्हणजे प्रदेश-अभ्यासाची केंद्रं उभी राहिली ती शीतयुद्धाच्या गरजेपोटी. पण ग्रंथालयाचं एक बरं असतं. विकत घेणाऱ्याचा हेतू काहीही असो, वाचणारा आपल्या मतलबाने वाचतो. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर आणि ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव पंथावर व महाराष्ट्राच्या तीर्थस्थानांवर केलेलं काम कुठल्याही परराष्ट्र खात्याच्या गरजेपलीकडचं आहे. ही मंडळी इथे राहिली, फिरली, मराठी बोलली. पण परत गेल्यावर हाताशी मराठी पुस्तकं लागतातच.

एवढी पुस्तकं सांभाळणं एकेकट्या ग्रंथालयाच्या आवाक्यातलं नव्हतं. जुन्या वर्तमानपत्रांचा कागद तर पिवळा पडून हातात तुकडे होत होता. म्हणून १९६७ साली शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये ग्रंथालयांनी एकत्र येऊन ‘सॅम्प’ हा दक्षिण आशियाई सूक्ष्मपटांचा (मायक्रोफिल्मचा) प्रकल्प सुरू केला. पद्धत भिशीसारखी. प्रत्येकाने वर्गणी भरायची, कशाचे सूक्ष्मपट घ्यायचे ते मिळून ठरवायचं आणि तयार झालेली फिल्म सगळ्यांच्या मालकीची. आजची डिजिटल ग्रंथालयं याच पायावर उभी आहेत. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त मोल्सवर्थचा १८५७चा कोश आहे, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. एखाद्या शब्दाशी अडलेला पुण्याचा प्रुफरीडर आज हेच संकेतस्थळ उघडतो. २०१९पासून ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज’ने जनगणनेचे अहवाल, नियतकालिकं, दुर्मीळ पुस्तकं सर्वांना फुकट खुली केली आहेत, तिच्या सभासदांत दक्षिण आशियातल्या संस्थाही आहेत.

हे वाचून ‘आमचा ठेवा तिकडे गेला’ अशी हळहळ हमखास निघते. तिच्यात तथ्य आहेच. वसाहतकाळात इथून गेलेल्या हस्तलिखितांचा हिशेब अजून व्हायचा आहे. पण पी. एल. ४८०ची पुस्तकं दुकानातून विकत घेतलेली होती आणि त्यांच्या प्रती आपल्याकडेही होत्या. त्यांचं आपण काय केलं, हा प्रश्न आपल्याला स्वतःलाच विचारावा लागतो.

दुसरा एक रस्ता तमिळनाडूत सापडला. चेट्टिनाडमधल्या कोट्टैयूर गावचे रोजा मुथैया चेट्टियार हे पाट्या रंगवणारे कलावंत. त्यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तकं, मासिकं, नाटकांच्या जाहिराती, हाताला लागेल ते छापील जमवलं. १९९२ साली ते वारले. शिकागो विद्यापीठाने त्यांचा संग्रह विकत घेतला, पण उचलून नेला नाही. चेन्नईत त्याचं ग्रंथालय उभं राहिलं. सूची तिथेच, तमिळ जाणणाऱ्या माणसांनी केली. सूक्ष्मपट मात्र दोन्हीकडे उपयोगी पडले. ब्रिटिश लायब्ररीच्या २००४पासूनच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम’चाही मूळ वस्तू देशाबाहेर न नेण्याचाच दंडक आहे. आता मूळ प्रत कुठे असावी हा वाद बऱ्याच अंशी मिटला आहे. पुस्तकाची माहिती कोण देणार, हा वाद अजून मिटायचा आहे. माझ्या मते सामायिक ग्रंथालयाचं खरं भांडवल तिथेच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. अमेरिकी विद्यापीठांनी २००८ साली उभारलेल्या ‘हाथीट्रस्ट’मध्ये पावणेदोन कोटींहून अधिक ग्रंथ आहेत. १९१० साली पुण्यात छापलेलं एखादं मराठी नाटक त्यात असेल, तर शिकागोत बसलेल्या वाचकाला ते पूर्ण उघडतं. पुण्यातून उघडलं तर बहुधा कुलूप दिसतं. फक्त शब्द शोधता येतो, पान वाचता येत नाही. यात दुष्टावा नाही. अमेरिकेत एवढं जुनं प्रकाशन हक्कमुक्त आहे. भारतात मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं मोजावी लागतात, आणि लेखक कधी वारला हे यंत्राला ठाऊक नसतं. शंका आली की यंत्र दार लावून घेतं. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले हे कुणीही सांगेल. पण तालुक्याच्या गावी मास्तरकी करून दोन नाटकं लिहिणाऱ्या माणसाची मृत्युतारीख कोण सांगणार?

सालाचाही घोळ आहे. मुखपृष्ठावर ‘शके १८३२’ असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी १९१० येतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही जमतं. नोंद करणाऱ्याने ते १८३२ असंच उतरवलं, तर दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाआधीच हे नाटक छापलं गेलं असं ठरतं. शोधाची कथाही तशीच. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘गांव’ आहे, ‘नांव’ आहे, ‘केलें’ आहे. आजचा विद्यार्थी ‘गाव’ टाइप करतो आणि हजारो पानं त्याच्यासमोरून मुकाट निघून जातात. शिळाछापातल्या मोडी पुस्तकांचं तर नावच नको.

आपल्या देशातली ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ याच खडकावर आपटली. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने लाखो पुस्तकं स्कॅन झाली, हे काम लहान नव्हे. पण मराठी नावं रोमन लिपीत वाटेल त्या स्पेलिंगने नोंदली गेली, लेखकाच्या जागी भलतंच नाव आलं, पानं वाकडी किंवा गायब. पुढे हक्कांचे प्रश्न उठले आणि मूळ संकेतस्थळ बंद पडलं. आज त्यातला बराच भाग ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आहे, पण पुस्तक आहे हे आधीच ठाऊक असल्याशिवाय ते सापडणं कठीण.

सूची करण्याची विद्या आपल्याकडे नाही, असं मुळीच नाही. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयं धुंडाळून १८०० ते १९३७पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली सिद्ध केली. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ १९४६चा. गं. दे. खानोलकरांचे ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’चे खंड आहेत. हाथीट्रस्टच्या कुलुपाला लागणाऱ्या किल्ल्या, म्हणजे जन्म-मृत्यूची सालं, टोपणनावं, आवृत्त्यांचे तपशील, यांतला मोठा हिस्सा या कागदी ग्रंथांत आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ उभारली, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकं खुली केली. स्कॅनिंग आपल्याला जमतं. राहिलं आहे ते या सूच्यांतली माहिती यंत्राला कळेल अशा नोंदींत घालून जागतिक सूच्यांना जोडून देणं.

याला मोठा निधी लागत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी दरवर्षी तेच ते सर्वेक्षण करायला लावण्याऐवजी प्रत्येकाला शंभर जुने लेखक वाटून द्यावेत. साल तपासायचं, आधार लिहायचा, नोंद खुली ठेवायची. शतायुषी नगर वाचनालयांनी आपली दाखलनोंदवही त्यांच्यापुढे उघडावी. आणि परदेशी विद्यापीठाशी करार करताना स्कॅनरच्या आधी सूचीकाराच्या पगाराचं कलम घालून घ्यावं. हे झालं, तर आपण दुसऱ्याच्या दारात बसलेले वाचक न राहता भागीदार होऊ, आणि कुठलं पुस्तक कुणासाठी उघडं असावं यावर आपलंही मत मोजलं जाईल. सामायिक ग्रंथालयात वर्गणी डॉलरमध्ये भरता येते, तशी माहितीतही भरता येते. दुसऱ्या प्रकारची वर्गणी आपल्याशिवाय कुणाला भरता येणार नाही.