मधल्या काळात काय करत होता?

नोकरीच्या अर्जात ‘अनुभव’ नावाचा एक रकाना असतो. त्याला दोन पाय असतात. एक ‘पासून’ आणि दुसरा ‘पर्यंत’. एका नोकरीचा ‘पर्यंत’ आणि पुढच्या नोकरीचा ‘पासून’ यांच्यात दोन-तीन महिन्यांची फट राहिली तर कुणी काही म्हणत नाही. पण फट वर्षांची झाली की समोरचे साहेब चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि विचारतात, “मधल्या काळात काय करत होता?” आवाज असा, की जणू मधल्या काळात तुम्ही चंबळच्या खोऱ्यात मुक्कामाला होता.

आमच्या धर्माबादेत बोलायचे विषय पूर्वी ठरलेले होते. मिरचीचा भाव, बाभळी बंधाऱ्याचं पाणी आणि गाडी किती लेट आहे. आता त्यात चौथा आला आहे, गॅप. शब्द इंग्रजी असला तरी मोंढ्यातल्या हमालापासून सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. “त्याच्या लेकराला सहा वर्षांची गॅप हाय म्हणे,” असं कुणी म्हणालं की ऐकणारा चुकचुकतो. लेकराच्या काळजालाच भोक पडलं असावं, असा त्याचा चेहरा होतो.

ही गॅप पडते कशी? पोरगं बी.कॉम. होतं, पुण्याला जातं, सदाशिव पेठेत एक कॉट भाड्यानं घेतं आणि राज्यसेवेचा अभ्यास सुरू करतं. वयाची अट खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे आशा धरायला सरकारनं भरपूर मुदत दिली आहे. त्यातून ५ एप्रिल २०२० ला व्हायची पूर्वपरीक्षा पुढे सरकत सरकत २१ मार्च २०२१ ला झाली. या साडेअकरा महिन्यांत उमेदवार काय करत होता, हे साहेब विचारतात. परीक्षा काय करत होती, हे विचारायला कुठल्याच फॉर्मात जागा नाही.

असाच सहा वर्षांचा एक उमेदवार परवा माझ्याकडे आला. मी बँकेत आहे, तेव्हा जगातले सगळे फॉर्म मला भरता येतात, असा गल्लीचा समज आहे.

“काका, मामाची अडत हाय मोंढ्यात. मामा म्हणला, सहा वर्षं माझ्याकडं हिशेबाला होता म्हणून लिहून देतो. शिक्क्यासकट.”

“तू कधी गेला होतास का रे मोंढ्यात?”

“एकदा गेलतो. शिंकत शिंकत वापस आलो.”

आता कंपनीतली खोटी नोकरी दाखवणं अवघड झालं आहे. २०१४ पासून पीएफला एकच कायमचा नंबर मिळतो आणि नोकरी कधी लागली, कधी सुटली हे त्यावर दिसतं. पण मामाच्या अडतीवर कसला आलाय पीएफ! म्हणजे हे खोटं पकडलं जाणार नव्हतं. आणि खरी पंचाईत इथंच आहे. पकडलं जाणारं खोटं हा पोलीस खात्याचा विषय. न पकडलं जाणारं खोटं हा नीतिशास्त्राचा.

पोरगं हुशार. म्हणालं, “काका, धर्मराजानं नाही का खोटा बायोडाटा दिला?”

दाखला बिनतोड होता. बारा वर्षांची गॅप घेऊन पांडव विराटाकडे नोकरी मागायला गेले. धर्मराज म्हणाला, मी कंक, युधिष्ठिराच्या मित्रांपैकी. भीम म्हणाला, मी युधिष्ठिराचा आचारी. नकुलानं त्याचेच घोडे सांभाळले होते आणि सहदेवानं त्याच्याच गाई. एकाच मागच्या मालकाचं नाव, तो मालक दरबारात हजर आणि विराटाला पत्ता नाही! आजच्या कंपनीत पाचही जण दारातूनच परत आले असते.

पण मी रात्री पडल्या पडल्या विचार केला. त्यांनी नाव खोटं सांगितलं, काम नाही. भीमाला स्वयंपाक येत होता, नकुलाला घोडा कळत होता. आमच्या पोराला मिरचीची पट्टी कशाशी खातात हे माहीत नाही. शिवाय पांडवांना लपायचं होतं, तशी अटच होती. याला तर कुणाच्या तरी नजरेत भरायचं होतं. मामाच्या शिक्क्याखाली दडून ते कसं जमायचं?

दुसऱ्या दिवशी मी सहा वर्षांचा हिशेब मागितला. चार वर्षं पुण्यात. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत मजल. मग?

“मग घरीच की. बाबांचं डायलिसिस. आठवड्याला दोनदा नांदेडला न्यायचं. बाबा गेले तवर दोन वर्षं झाली.”

“हे लिहिलं का नाहीस?”

“ते काय लिहायचं काका? घरचं काम ते.”

मी जरा वेळ काही बोललो नाही. आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बचत खातं निष्क्रिय ठरतं. तरी त्याच्यावर व्याज चढत राहतं. झोपलेल्या पैशाला आम्ही ‘मधल्या काळात काय करत होतास’ असं विचारत नाही. बापाला गाडीत चढवणाऱ्या पोराला मात्र विचारतो.

आणि हाच पोरगा पास झाला असता तर? याच सहा वर्षांना ‘तपश्चर्या’ म्हणून स्टेशन रोडवर फ्लेक्स लागला असता, खाली मामाचा हात जोडलेला फोटो. गॅप कशाला म्हणायचं ते निकाल लागल्यावर ठरतं. शेजारच्या उमरीत जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या मंडळींनी बँक लुटली. (बँकवाला असल्यानं हे लिहिताना मला जरा खाकरावं लागतं.) निजाम टिकला असता तर त्यांच्या बायोडाटात ‘दरोडा’ आला असता. निजाम गेला आणि त्यांचे सत्कार झाले.

शेवटी आम्ही लिहिलं : ‘२०१९ ते २०२३ स्पर्धा परीक्षा, एकदा मुख्य परीक्षेस पात्र. २०२३ ते २०२५ वडिलांचे आजारपण, शुश्रूषा.’ पोरगं ‘शुश्रूषा’ शब्दाकडे बघत राहिलं. म्हणालं, “लय मोठा वाटतो शब्द.” मामा मात्र नाराज झाला, त्यानं शिक्क्याला नवी शाई भरून ठेवली होती.

पोरगं निजामाबादला मुलाखतीला गेलं आहे, अजून काही कळलेलं नाही. चहाचे कप उचलताना आमची ही म्हणाली, “त्याला निदान विचारतात तरी, मधल्या काळात काय केलं म्हणून. मी शाळा सोडून अकरा वर्षं झाली. तुम्ही तरी कधी विचारलंत का?”