मापात पाप : आकाशवाणी आणि आपण



शहापूर तालुक्यातील ज्या मशिदीत मी इमामत करतो, तिच्या ओट्यावर मगरीबनंतर काही वडीलधारी मंडळी बसतात. त्यांतील एका चाचांजवळ जुना ट्रान्झिस्टर आहे. एकदा मराठी बातम्या चालू असताना महाविद्यालयात जाणारा एक तरुण थांबला आणि म्हणाला, ''चाचा, कशाला ऐकता? तो त्यांचा रेडिओ आहे. त्यात आपले काय आहे?'' चाचांनी आवाज किंचित कमी केला आणि म्हणाले, ''बाळा, ऐकतो म्हणजे मानतो असे नाही.''

हे उत्तर त्या तरुणाला पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही त्या दिवशी ते पुरते उमगले नव्हते. जो आपल्या बाजूचा नाही असे वाटते, त्याचे ऐकावे का? ऐकावे तर किती मानावे? आणि ज्या निःपक्षपातीपणाची अपेक्षा आपण त्याच्याकडून करतो, तो आपल्याकडे आहे का? हे प्रश्न राजकारणाचे वाटतात. वस्तुतः ते ईमानाचे आहेत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या तरुणाचा संशय निराधार नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. १९३० मध्ये ते सरकारने ताब्यात घेतले आणि तेव्हापासून सत्तेची सावली या माध्यमावरून कधी पूर्णपणे हटली नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. त्यांना चित्रपटगीते हलकी वाटत. म्हणून ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. एका माणसाची आवड म्हणजे साऱ्या देशाची आवड, असे मानण्याचा तो परिणाम होता.

पुढे २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने रेडिओवरूनच ऐकली. त्या काळात लोक आकाशवाणीला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले. किशोरकुमार यांनी सत्ताधाऱ्यांच्या कार्यक्रमात गाण्यास नकार दिला, तेव्हा त्यांची गाणी आकाशवाणीवर बंद झाली. सत्ता बदलली तरी तक्रार संपली नाही. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण त्यात बदल केल्याशिवाय प्रसारित करण्यास नकार मिळाला, असा आरोप झाला. सत्ताधारी पक्ष निराळे, तक्रार मात्र तीच.

हे घडू नये म्हणूनच १९९० मध्ये प्रसारभारती कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. नागरिकांना सत्य व वस्तुनिष्ठ माहिती मिळावी, परस्परविरोधी मतांचा समतोल राखला जावा, संस्थेने स्वतःची कोणतीही विचारसरणी पुढे रेटू नये, अल्पसंख्याक व आदिवासी समाजांचे हित जपले जावे, ही उद्दिष्टे त्या कायद्यातच नमूद आहेत. कायदा उत्तम आहे. पण कायद्यातले शब्द आणि तराजू धरणारा हात यांत अंतर राहते, हे आपण सारे जाणतो.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू पाहा. १९४० च्या दशकात आकाशवाणीचे प्रमुख अहमद शाह बुखारी होते आणि बातम्यांची भाषा 'हिंदुस्तानी' होती. हिंदीचे अभिमानी म्हणत, ही तर उर्दूच आहे. उर्दूचे अभिमानी म्हणत, आमची भाषा बिघडवली जात आहे. बातमीपत्र एकच, वक्ता एकच. तक्रारी मात्र एकमेकींच्या नेमक्या उलट. याचा अर्थ पक्षपात हा केवळ भास असतो, असा नाही. परंतु पक्षपात जसा बोलणाऱ्याच्या जिभेत असू शकतो, तसा तो ऐकणाऱ्याच्या कानातही असू शकतो, हे यातून दिसते. म्हणून जीभ तपासण्यापूर्वी कान तपासावा लागतो.

वाचकहो, आपल्याच तालुक्याचे एक उदाहरण घ्या. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. उन्हाळा आला की बातम्यांत सांगितले जाते की तलावांत अमुक टक्के साठा उरला असून तो मुंबईला अमुक दिवस पुरेल. ही बातमी खरी असते, आवश्यकही असते आणि त्यात कोणत्याही पक्षाची बाजू घेतलेली नसते. तरीही ती नळाच्या बाजूने सांगितलेली असते. त्याच दिवसांत त्याच जलाशयांच्या आसपासच्या पाड्यांवर ठाकूर आणि कातकरी भगिनी डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. मुरबाडच्या डोंगराळ भागातही चित्र फारसे निराळे नाही. या भगिनी बातमीत क्वचितच येतात. येथे कोणी खोटे बोललेले नसते. फक्त माप हलके भरलेले असते.

विविधता म्हणजे हेच. निवेदकांच्या यादीत चार वेगवेगळी आडनावे असली की विविधता आली, असे नव्हे. कोणाच्या अंगणात उभे राहून जग पाहिले जाते, हा खरा प्रश्न आहे. भाषांची आणि वर्णांची भिन्नता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहे, असे कुरआन सांगतो (३०:२२). जी निशाणी अल्लाहने ठेवली, ती जनतेच्या माध्यमातून पुसली जात असेल, तर त्याबद्दल बोलणे रास्तच आहे.

परंतु येथेच मला स्वतःकडे वळले पाहिजे. काही काळापूर्वी भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत माझ्याकडे आली. आपल्या बांधवांवर अत्याचार झाल्याचे ते दृश्य होते. माझे रक्त तापले. जुमाच्या बयानात मी त्याचा उल्लेख केला आणि वर म्हणालो, ''हे तुम्हाला रेडिओ सांगणार नाही.'' नमाजनंतर तेच चाचा जवळ आले आणि हळूच म्हणाले, ''मौलाना, ही खबर कोणी दिली?'' माझ्याकडे उत्तर नव्हते. शोध घेतल्यावर कळले की ती चित्रफीत अनेक वर्षांपूर्वीची आणि परदेशातील होती. पुढच्या जुमाला त्याच मिंबरवरून मी चूक कबूल केली. पण त्या आठ दिवसांत किती घरांत किती कटुता पोहोचली असेल, याचा हिशेब मला आजही देता येत नाही.

मला सर्वाधिक लाज कशाची वाटली, ते सांगतो. मदरशात मी वर्षानुवर्षे हदीसची सनद शिकलो. कोणी कोणाकडून ऐकले, तो विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे तपासल्याशिवाय एक वाक्यही न स्वीकारणाऱ्या विद्वानांचा मी वारसदार म्हणवतो. आणि ज्या बातमीला सनदच नव्हती, ती मी मिंबरवरून सांगितली. कारण ती माझ्या मनाजोगती होती. बातमी आली तर शहानिशा करा, नाहीतर अज्ञानाने एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि पुढे पस्तावाल, हा कुरआनचा इशारा (४९:६) मला मुखोद्गत होता. मुखोद्गत असणे आणि अंगवळणी पडणे यांत किती अंतर असते!

त्याच विद्वानांनी आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. इमाम बुखारी यांच्या 'सहीह' ग्रंथात इमरान बिन हित्तान याची रिवायत आहे, आणि तो खारिजी पंथाचा होता. त्याचे मत इमाम बुखारींना मान्य नव्हते. तरी त्याचे सत्यवचन त्यांनी नाकारले नाही. हदीसशास्त्रज्ञांपैकी अनेकांनी असा नियम सांगितला की भिन्न पंथाचा माणूस सत्यवचनी असेल तर त्याचे कथन घ्यावे. मात्र जे कथन त्याच्याच पंथाच्या प्रचाराला बळ देते, तेथे सावध राहावे. रेडिओ ऐकण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. रेल्वेचे वेळापत्रक, पावसाचा इशारा, लसीकरणाची तारीख यांत संशय धरण्याचे कारण नाही. जेथे सांगणाऱ्याचा लाभ गुंतलेला आहे, तेथे दुसरी साक्ष शोधावी. रमजानच्या चंद्रदर्शनाची वार्ता रेडिओवरून आली तेव्हाही उलमांनी हाच विवेक दाखवला : निवेदक हा साक्षीदार नव्हे, परंतु तो विश्वसनीय समितीचा निर्णय कळवत असेल, तर ती वार्ता स्वीकारता येते. रेडिओ सरसकट नाकारलाही नाही आणि सरसकट मानलाही नाही. चाचांचे ते वाक्य मला येथे उमगले.

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांचा धिक्कार आहे, जे स्वतः घेताना माप पूर्ण भरून घेतात आणि इतरांना देताना कमी भरतात (८३:१-३). आपल्या मराठीत यालाच 'मापात पाप' म्हणतात. हे पाप केवळ धान्याच्या दुकानात घडत नाही. आकाशवाणीने आपली बाजू सांगावी असा आपला आग्रह असतो. पण आपल्या जलशांत, आपल्या संदेशांच्या समूहांत शेजारच्या कातकरी पाड्याचे नाव कितीदा निघते? आपल्या माणसाची चूक असेल, तर तिची बातमी आपण पुढे पाठवतो का? मदीनेत अन्सारांपैकी एका घराण्यातील माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर आणला. त्याचे नातलग त्याची बाजू घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. तेव्हा ज्या आयती अवतरल्या (४:१०५ पासून पुढे), त्यांनी आपल्यातल्या अपराध्याची वकिली नाकारली आणि परक्या निरपराधाला निर्दोष ठरवले. हजरत अली (र.) यांना यमनला न्यायदानासाठी पाठवतानाही प्रेषितांची (स.) शिकवण हीच होती की दुसऱ्या पक्षाचे ऐकेपर्यंत निर्णय देऊ नये.

कोणी म्हणेल, ''मौलाना, सरकारी माध्यम आणि आपला ओटा यांची तुलना कशी होईल?'' आक्षेप योग्य आहे. ज्याच्या हाती साऱ्यांचा तराजू आहे, त्याची जबाबदारी कितीतरी मोठी आहे. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःचे वृत्तविभाग चालवण्याची मुभा नाही. त्यांना आकाशवाणीच्याच बातम्या देता येतात. म्हणजे रेडिओवरील बातमीचा तराजू जवळजवळ एकाच हाती आहे. म्हणून आत्मपरीक्षण म्हणजे मौन नव्हे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता आपलीही आहे, तर 'तो त्यांचा रेडिओ' असे म्हणून आपणच आपला वाटा का सोडावा? २०२३ मध्ये पुण्याच्या आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि तो निर्णय स्थगित झाला. बोलले की ऐकले जाते. नेहमी नाही, पण कधी कधी निश्चित.

तेव्हा बातमीत उणीव दिसली तर केंद्राला पत्र लिहा : सभ्य, नेमके, पुराव्यासह आणि चांगल्या मराठीत. आपल्या मुलामुलींना ही भाषा अशी शिकवा की उद्या ती निवेदनाच्या आणि संपादनाच्या जागी बसतील. आणि त्या पत्रात आपल्या मोहल्ल्याबरोबर पाड्यावरील रिकाम्या हंड्याचाही उल्लेख करा. केवळ आपल्यापुरता मागितलेला न्याय हा न्याय नसतो, तो हिस्सा असतो. एखाद्या समूहाविषयीचा रोषही न्यायापासून ढळण्याचे कारण ठरू नये, असे कुरआन बजावतो (५:८). आणि न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध वा आप्तांविरुद्ध गेली तरी ती द्यावी, असेही सांगतो (४:१३५).

तो तरुण आता कधीकधी ओट्यावर बसतो. बातम्या संपल्या की वाद घालतो आणि चाचा त्याला विचारतात, ''कोणी सांगितले? आणि कोणाचे सांगायचे राहिले?'' हे दोन प्रश्न आपण रेडिओला विचारावेत, भ्रमणध्वनीला विचारावेत आणि मिंबरवर उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्यालाही विचारावेत.

हे अल्लाह! आमच्या कानांना न्याय दे, आमच्या जिभांना सत्य दे, आणि घेताना व देताना एकच माप वापरण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. आमीन.