मान्यतेची किंमत

शेजारच्या वाड्यात रातोरात मालक बदलला आणि जुन्या मालकाचे काय झाले हे विचारण्याची कोणाची छाती होत नाही, अशा वेळी ओसरीवर बसलेल्या नव्या माणसाला सकाळी रामराम करावा की नाही? न करावा तर बांधाचे, विहिरीचे रोजचे व्यवहार अडतात. करावा तर रात्री घडले त्यावर आपणच शिक्का मारल्यासारखे होते. राज्यांनाही हाच पेच पडतो. तेथे या रामरामाला ‘मान्यता’ म्हणतात, एवढेच.

३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांना मारले. रघुनाथराव पेशवे झाले, साताऱ्याहून वस्त्रेही आली. पण गादी डळमळीतच राहिली. तिचे हादरे आमच्या वऱ्हाडापर्यंत पोचले. जानोजी भोसल्यांच्या मागे साबाजी आणि मुधोजी या भावांत वारशाचा तंटा होता. त्याच वर्षाच्या आरंभी अकोल्याजवळ कुंभारीस त्यांची लढाई होऊन गेली होती. आता रघुनाथरावांनी मुधोजींची बाजू धरली, बारभाईंनी साबाजींची. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला साबाजी पडले आणि प्रश्न सनदेने नव्हे, गोळीने सुटला. निजाम-भोसल्यांच्या दुअमलीत असलेल्या अमरावती-अकोल्याच्या कुणब्याला यात कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

पुणे हातचे गेल्यावर रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहाने मुंबईकरांनी त्यांचा पक्ष घेतला. मोबदल्यात साष्टी आणि वसई मागून घेतली. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हा तह नामंजूर केला आणि पुढच्याच वर्षी पुरंदरास बारभाईंशी नवा तह केला. मात्र साष्टी सोडली नाही! पुढे युद्ध झाले, १७८२ साली सालबाईचा तह झाला, वसई परत आली, रघुनाथरावांच्या पदरी नेमणूक पडली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. दिलेली मान्यता परत घेता आली, घेतलेली किंमत नाही.

हा धडा शिकवताना वर्गात एखादा मुलगा हमखास विचारतो, “गुरुजी, रामशास्त्र्यांसारखे सगळ्यांनीच का नाही केले?” शास्त्रीबुवांनी खुन्याच्या राज्यात न्यायासन नको म्हटले आणि पुणे सोडले, असे सांगतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे नाही. शास्त्री पुणे सोडू शकले. राज्याला आपली सीमा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारात सेनापतींनी निवडून आलेले सरकार उलथले, तेव्हा भारतापुढे हेच संकट होते. १,६४३ किलोमीटरची सरहद्द! पलीकडच्या फौजेशी अबोला धरावा तर सीमेचा बंदोबस्त अडतो. म्हणून वकिलात चालू राहिली, हे मला समजते. पण २७ मार्चला त्या फौजेच्या संचलनाला आपला प्रतिनिधी हजर राहिला आणि त्याच दिवशी तेथील रस्त्यांवर निदर्शक गोळ्यांनी पडले, ते मला समजत नाही. मिझोरामच्या खेड्यांनी मात्र पळून आलेल्यांना दार उघडले. त्यांनी कोणत्याही सरकारला मान्यता दिली नव्हती; माणसांना दिली होती.

मला वाटते, व्यवहार आणि मान्यता यांची गल्लत होते तेथे पाप सुरू होते. व्यवहार ही गरज आहे. विहीर एकच असेल तर ओसरीवरल्या माणसाशी बोलावेच लागेल. मान्यता ही साक्ष आहे: ‘हा घरधनी खरा,’ असे चारचौघांत सांगणे. ती देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. या सत्तेचा अंमल बंदूक खाली ठेवल्यावरही टिकेल काय, आणि तिच्या खाली राहणारी माणसे तिला आपली म्हणतात काय. तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, तो स्वतःलाच विचारायचा: या साक्षीबद्दल मला काय मिळणार आहे? उत्तर ‘साष्टी’ असे येऊ लागले, की तोंड मिटून घ्यावे. गरजेपोटी बोललेला शब्द शेजारी माफ करतो. विकलेली साक्ष त्या घरातली पोरे मोठी झाली तरी विसरत नाहीत.