गरज सरल्यावर

ख्रिस्ती मंडळींपुढे आज कोणत्या अडचणी आहेत, असे कोणत्याही पाळकांना विचारा, उत्तर ठरलेले असते. मोबाइल आला, मुले ऐकेनाशी झाली, तरुण उपासनेला येत नाहीत, आणि आलेच तर मागच्या बाकावर बसून आशीर्वाद व्हायच्या आत पसार होतात. यातले काही खोटे नाही. पण हेच गाऱ्हाणे शेजारच्या भजनी मंडळात आणि गावच्या वाचनालयातही ऐकू येते. चर्चची म्हणून जी अडचण आहे ती याच्या खाली दडली आहे. लोकांचा देवावरचा विश्वास उडाला, असे मला काही दिसत नाही. चर्च नावाच्या संस्थेवाचून त्यांचे आता अडत नाही, इतकेच.

एके काळी फार अडत असे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले, तेव्हापासून तिथल्या ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्य मिशनच्या आवारात मावत होते. शाळा तिथली, बोर्डिंग तिथले, शिक्षकाची किंवा घरोघर बायबल सांगणाऱ्या बायबलबाईची नोकरी तिथली, दवाखानाही तिथलाच. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शिक्षणाची जी घडी बसवली, तिच्यात सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला गेल्या होत्या. म्हणजे या आवाराचा उपयोग ख्रिस्ती नसलेल्यांनाही होत होता. १८७६–७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगरच्या खेड्यापाड्यांत जे बाप्तिस्मे झाले, ते मुख्यतः महारवाड्यांतले. त्यामागे भाकरी होती का? होती. पाटलाच्या ओट्याखाली उभे न राहता मुलाला पाटी-पेन्सिल मिळेल ही आशा होती का? तीही होती. यात लाजण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. भुकेल्या माणसाने आधी तत्त्वज्ञान तपासावे अशी अपेक्षा पोटभर जेवलेलेच करतात. पुढे १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेला रुग्णालय उभारले, आणि नंतरच्या दुष्काळातल्या बायकामुलींसाठी पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन केडगावात उभे राहिले.

वसईची तऱ्हा निराळी, पण शेवट तोच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, चर्च राहिले. राजाश्रय नसताना ते टिकले, याचे एक कारण असे की धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, हीच तिथल्या शेतकऱ्याची पंचायत होती. नांगर, विहीर, लग्न, मयत, भाऊबंदकीची भांडणे, सगळ्यांत फादर असायचेच. सावकाराच्या पाशातून बागायतदार सुटावा म्हणून मॉन्सिन्योर मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ मध्ये जी पतपेढी काढली, तीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. धर्मगुरू कर्जाचे कागद करतो, यात तेव्हा कुणाला काही वावगे वाटले नाही.

मग एकेक गोष्ट या आवारातून बाहेर पडली. शाळा सरकारने आणि शिक्षणसम्राटांनी काढल्या, दवाखाने गल्लोगल्ली झाले, बँकेवर देखरेख करायला रिझर्व्ह बँक बसली. भांडण झाले की वकील आहे, मन उदास झाले की समुपदेशक आहे. याला चर्चचा पराभव म्हणणे चुकीचे. जे काम कुणी करत नव्हते तेव्हा चर्चने केले, ते आता सगळेच करतात. तरीही यशाचाच भाग असलेली ही घटना मंडळीच्या मुळावर आली, कारण माणसे ज्या वाटांनी चर्चपर्यंत पोचत होती त्या वाटाच मोडल्या. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण वैद्याला जेवढी लागू तेवढीच पाळकालाही.

एवढ्यावर थांबते तरी बरे होते. पण नुसती गरजच सरलेली नाही, ख्रिस्ती असण्याची आता किंमत पडते. अनुसूचित जातींसंबंधीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण सवलतींत फरक आहेच, आणि राखीव मतदारसंघ तर नाहीच. त्यामुळे ज्या आजोबांना बाप्तिस्म्यामुळे शाळा मिळाली, त्यांच्या नातवाची बाप्तिस्म्याच्या दाखल्यामुळे जागा जाऊ शकते. मग कागदावर एक आणि रविवारी दुसरेच, असे जगणे सुरू होते. याला ढोंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यात स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारी, मॉलमधली आणि हॉटेलातली शिफ्ट रविवारी भरगच्च. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्साची सोय तरी आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून चर्च पुन्हा गरजेचे होऊ पाहते आहे. उपासनेत ड्रम आणि पडदा आला, युवकांसाठी शिबिरे आली, रोगमुक्तीच्या महासभांचे फलक लागले. आवाज एवढा मोठा करतात की प्रार्थना देवाला नव्हे, पलीकडच्या सोसायटीला ऐकवायची आहे असे वाटावे. असो. मला यातल्या कशाचाच राग नाही, पण दम कुठेच दिसत नाही. करमणुकीत चर्च करमणूकवाल्यांपुढे टिकणार नाही, आणि चर्चच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी जे पालक रांगा लावतात, ते रविवारच्या रांगेत दिसत नाहीत.

हे दुखणे नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, मिशनच्या चाकरीत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, मंडळ्यांना अभंग आणि कीर्तन दिले. मिशनचा पगार आणि ख्रिस्ताची भक्ती एकाच दावणीला बांधली की लोक भक्तीकडेही पगाराच्या नजरेने पाहतात, हे त्यांना खुपत होते. १९१७ मध्ये त्यांनी ती चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. म्हणजे आज परिस्थितीने जे आपल्यावर लादले आहे, काही मिळत नसतानाही ख्रिस्तामागे जाणे, ते टिळकांनी आपण होऊन पत्करले. दोनच वर्षांनी ते वारले आणि दरबारही पांगला, हेही सांगायला हवे.

पण आज देण्यासारखे काही उरले आहे का? एक काम उरले आहे, आणि ते अहवालात नीट बसत नाही. घरभेट. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या दारात दुपारी पाळकसाहेब येतात. मुलगा दुबईला, सून त्याच्याबरोबर. बाई चहा ठेवतात, नको म्हटले तरी ठेवतात. गुडघ्याबद्दल, पाणी किती वाजता येते त्याबद्दल, मुलाच्या फोनबद्दल बोलणे होते. मग एक स्तोत्र, छोटीशी प्रार्थना, वीस मिनिटांत सगळे उरकते. यात कुणाची फी नाही, फाइल नाही, पुढची तारीख नाही. बाईंना डॉक्टर आहे, बँक आहे, किराणा मोबाइलवर येतो. त्यांचे कशावाचून अडत नाही. तरी पुढच्या महिन्यात पाळक आले नाहीत तर त्या मंडळीच्या कारभारी पंचांना फोन करून विचारतात. शहरातल्या मोठ्या मंडळ्यांत नेमके हेच काम मागे पडते, कारण पाळकांचा निम्मा आठवडा जागेच्या दाव्यांत आणि ट्रस्टच्या कागदांत जातो. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनींचे भाव वाढले, तसे पंचांच्या निवडणुकांना रंग चढला.

त्या निवडणुकीत मत कुणाला, तर ज्याचे नाव मंडळीच्या रजिस्टरात आहे त्याला. जो कागदाच्या भीतीने नाव नोंदवत नाही पण दर रविवारी येतो, वर्गणीही देतो, त्याला मत नाही. ज्याचे नाव आजोबांपासून चालत आले आहे आणि जो नाताळखेरीज फिरकत नाही, त्याची वर्गणी भरलेली असली की त्याला आहे. यांतला मंडळीचा माणूस कोणता, हे ठरवायला टिळकांना रजिस्टर लागले नव्हते. आपल्याला ते पंचांच्या बैठकीत ठरवावे लागेल, तेही निवडणुकीच्या आधी.