राणी अ‍ॅन बुलीन

मनुष्याचा आश्रय किती थोडा वेळ टिकतो, हें सांगणारें १४६ वें स्तोत्र आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचण्यांत येतें. त्याचा अर्थ ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, त्यांनीं इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची दुसरी राणी अ‍ॅन बुलीन हिची हकीकत ऐकावी.

ती राजकन्या नव्हे, एका दरबारी गृहस्थाची मुलगी. राजाचें मन तिजवर बसलें तेव्हां पहिली राणी कॅथरीन हयात होती. पोप तो विवाह रद्द करीना, म्हणून राजानें रोमशीं संबंधच तोडला. (इंग्लंडांतील धर्मसुधारणेस असेंही एक कारण झालें, हें आम्हां प्रॉटेस्टंटांस ऐकावयास गोड लागत नाहीं, पण खरें तें लपवूं नये.) १ जून १५३३ रोजीं अ‍ॅनच्या मस्तकीं मुगुट आला.

देशभाषेंतील शास्त्रावर तिची प्रीति होती. इंग्रजी नव्या कराराच्या प्रसारास साहाय्य केल्यामुळें हक्क गमावलेल्या अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठीं तिनें १५३४ सालीं रदबदली केली. मात्र कॅथरीनची कन्या मेरी हिच्याशीं ती कठोरपणें वागली, हेंही सांगितलें पाहिजे.

राजाला पुत्र हवा होता. १५३३ च्या सप्टेंबरांत झाली ती कन्या, एलिझाबेथ. १५३६ च्या जानेवारींत राणीचा गर्भपात झाला, आणि राजाची दृष्टि जेन सीमोरकडे वळली.

२ मे १५३६ रोजीं तिला टॉवर किल्ल्यांत नेलें. मला अंधारकोठडींत टाकणार काय, असें तिनें विचारलें. किल्लेदार म्हणाला, राज्याभिषेकाच्या वेळीं आपण जेथें उतरलां होतां तेथेंच आपणांस राहावयाचें आहे. हें ऐकून ती गुडघे टेकून रडूं लागली, आणि रडतां रडतां मोठ्यानें हंसली.

तिच्यावर सख्ख्या भावासह पांच पुरुषांशीं व्यभिचाराचा आरोप होता. पांचांपैकीं एका वाजंत्र्यानेंच तो कबूल केला. न्यायासनावर मुख्य बसला तो तिचाच मामा. आर्चबिशप क्रॅन्मर हा तिच्या घराण्याच्या आश्रयानें वर चढलेला. त्यानें राजाला लिहिलें कीं, तिच्याइतकें चांगलें मत आपलें दुसऱ्या कोणा स्त्रीविषयीं नव्हतें. आणि त्याच पत्रांत जोडलें कीं, दोष असल्यावांचून महाराज इतक्या थरास गेले नसते. पुढें १७ तारखेस त्यानेंच तिचा विवाह रद्द ठरविला.

या पत्रापाशीं आम्ही थबकतों. क्रॅन्मर दुष्ट नव्हता. एक पाऊल त्यानें पुढें टाकलें, आणि लगेच मागें घेतलें. मंडळींतील एखाद्या बहिणीवर आळ येतो, पंच बसतात, आणि तिची सचोटी ज्यास ठाऊक आहे तो उपदेशक वजनदार माणसाचें तोंड पाहून बोलतो. तो याहून निराळें काय करितो?

प्रभुभोजन घेण्यापूर्वीं व घेतल्यावर, अशी दोनदां राणीनें आपल्या निर्दोषपणाची शपथ वाहिली. १९ मे रोजीं सकाळीं तलवारीनें तिचा शिरच्छेद झाला. मरतांना तिनें राजाला दोष दिला नाहीं. अकराव्या दिवशीं राजानें जेन सीमोरशीं लग्न केलें. एलिझाबेथ तेव्हां तीन वर्षांचीही नव्हती.